खिडकी स्कॅन कशी करायची? मराठी विनोदी अंकांच्या संग्रहाची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. रेकॉर्डिंगमध्ये मधूनमधून कागदाची फडफड ऐकू येते, ती इथे अर्थातच नाही. बाकी जवळपास सगळं तसंच ठेवलंय, फक्त माझे ‘म्हणजे बघा’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

तर विषय असा की मी विनोदी मासिकं, दिवाळी अंक आणि कॉमिक्स गोळा करतो. सातवीत असल्यापासून. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर, हिंजवडीला रोजचं जाणं-येणं, आणि एक बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पलंगाखालच्या कप्प्यात कपड्यांऐवजी अंक. आई फोनवर विचारते, ‘तुझं लग्न झाल्यावर ही रद्दी कुठे ठेवणारेस?’ प्रश्न बरोबर आहे. पण त्यातल्या ‘रद्दी’ या शब्दावर आपण आज अर्धा तास बोलणार आहोत.

सुरुवात खिडकीपासून करू. तिशीच्या आतल्या बऱ्याच जणांनी ती कधी हातात धरलेली नसते.

१९५१ साली मुंबईत मधुकर पाटकरांनी ‘आवाज’ हा दिवाळी अंक सुरू केला. पूर्ण विनोदाला वाहिलेला. कथा, वात्रटिका, व्यंगचित्रं, सगळं हसण्यासाठी. पण लोकांच्या लक्षात ‘आवाज’ राहिला तो खिडकीचित्रांमुळे. खिडकी म्हणजे काय? उजव्या पानावर एक चित्र असतं आणि त्या पानालाच एक भोक पाडलेलं असतं. भोकातून पुढच्या पानावरच्या चित्राचा एवढासा तुकडा दिसतो. तो तुकडा आणि वरचं चित्र मिळून डोळ्यांना काहीतरी चावट दिसतं. तुम्ही पान उलटता, आणि खाली भलतंच निघतं. एक नमुना माझ्या मनाने बनवून सांगतो. वरच्या पानावर दार किलकिलं करून आत डोकावणारा माणूस, डोळे विस्फारलेले. भोकातून दिसतायत दोन गुळगुळीत गोल. पान उलटलं की दोन टकले आजोबा पाटावर शेजारी शेजारी बसून डोक्याला तेल चोळून घेतायत. संपला विनोद.

आता तुम्ही म्हणाल, हा तर थंबनेल झाला. बरोबर! यूट्यूबवर तुम्ही रोज जे बघता, लाल बाण, गोल आणि ‘पुढे काय झालं बघा’, त्याचाच हा कागदी आजोबा. फरक एकच आहे, पण मोठा आहे. थंबनेलने फसवलं की आपण चिडतो. खिडकीने फसवलं की आपण स्वतःवर हसतो, कारण चावटपणा कागदावर नव्हताच, तो आपल्या डोक्यात होता. आणि हे शेजारी बसलेल्या काकांनाही कळलेलं असतं. दिवाळी अंक कपाटात लपवून वाचायची वस्तू नव्हती. चिवड्याच्या बशीशेजारी बैठकीच्या खोलीत तो पडलेला असायचा. घरातला प्रत्येक जण तो चाळायचा, आणि दुसऱ्याने खिडकीचं पान उघडलं की त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा.

या खिडकीला एक यंत्रशास्त्रही आहे, आणि इंजिनिअर म्हणून मला त्याचंच जास्त कौतुक. पान छापलं म्हणजे काम झालं असं नाही. नंतर ते ठरलेल्या जागी कापायचं, आणि बांधणी अशी करायची की भोकाखाली पुढच्या पानाचा बरोब्बर तोच तुकडा यावा. चार-पाच मिलिमीटर सरकलं तर टकलाच्या जागी कान दिसायचा आणि विनोद मेला. म्हणजे लेखक, चित्रकार, छापणारा, कापणारा आणि बांधणारा अशा पाच जणांचं टायमिंग जमलं तर वाचकाला हसू येणार. आपल्याकडे एवढ्या टीम एका रिलीजला जमल्या तर आपण पार्टी करतो.

आता मूळ मुद्दा. हे सगळं स्कॅन कसं करायचं?

गेल्या काही वर्षांत मी माझा संग्रह पद्धतशीर स्कॅन करतोय. साधं मासिक सोपं असतं, पान ठेवा, बटण दाबा, पुढचं पान. पण स्कॅनरला सपाट पान कळतं, भोक कळत नाही. खिडकीचं पान काचेवर ठेवलं की भोकातून स्कॅनरचं पांढरं झाकण दिसतं. पुढच्या पानासकट ठेवलं तर खिडकी बंद स्थितीत दिसते, पण पान उलटण्याचा क्षण गायब. त्याची पीडीएफ केली की उरतात दोन वेगवेगळी पानं. एकावर एक माणूस विनाकारण डोळे विस्फारून बघतोय, दुसऱ्यावर दोन टकले आजोबा. ज्याने मूळ अंक पाहिला नाही त्याला कळणारच नाही की इथे हसायचं कुठे होतं.

म्हणून मी प्रत्येक खिडकीची तीन रूपं ठेवतो: बंद, अर्धी उचललेली, उघडी. आणि सोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ, ज्यात हात पान उलटतो. त्यात माझा अंगठा दिसतो. दस्तऐवज जपणाऱ्या तज्ज्ञांना अंगठा आवडत नाही, फोटो स्वच्छ हवा असतो. मला तो हवाय. अंगठ्याशिवाय खिडकी हा नुसता फाटका कागद आहे.

हे ऐकायला छंदिष्टपणा वाटेल. पण यामागे एक प्रश्न आहे, आणि तो फक्त ‘आवाज’चा नाही. विनोदी अंक जपायचा म्हणजे त्यातलं नेमकं काय जपायचं? चांगली चांगली चित्रं निवडून त्यांचं पुस्तक करायचं, की अख्खा अंक, त्यातल्या केशतेलाच्या जाहिराती, फालतू चुटके आणि आज वाचवत नाहीत अशा गोष्टींसकट? मी दुसऱ्या पक्षाचा आहे. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझं गाव सांगली. तिथून पुण्याला रेल्वेने येताना किर्लोस्करवाडी लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तिथे माळरानावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा केला, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. त्याच कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्रक काढलं. आजच्या भाषेत कंपनीचं न्यूजलेटर. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे, शंकर वासुदेव ऊर्फ शंवाकि. हा माणूस शिकलेला चित्रकार. कंपनीच्या न्यूजलेटरचं त्याने हळूहळू ‘किर्लोस्कर’ मासिक केलं, १९३० मध्ये ‘स्त्री’ काढलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. आणि स्वतः व्यंगचित्रं काढली. ढोंगी बुवाबाजी, हुंडा, सोवळं-ओवळं यांच्यावर. नांगराच्या कारखान्यातून! मराठीत व्यंगचित्र घरोघर पोचलं त्यात या वाडीचा मोठा हात आहे, आणि आमच्या गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला फक्त एवढंच माहीत असतं की इथे गाडी दोन मिनिटं थांबते.

त्याआधीही मुंबईत व्यंगचित्रांची साप्ताहिकं होती. १८५४ मध्ये ‘पारसी पंच’ सुरू झालं, विलायती ‘पंच’च्या धर्तीवर, आणि पुढे त्याचंच ‘हिंदी पंच’ झालं. पण ते इंग्रजी-गुजराती जग होतं. माझ्या हाताला त्याची मूळ प्रत कधी लागलेली नाही, म्हणून पुढे जातो.

दिवाळी अंक ही कल्पनाच मुळात १९०९ ची, काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकाची. हे मित्र म्हणजे खरे आजगावकर, कोकणातले. बंगालीच्या प्रेमापोटी आडनाव ‘मित्र’ लावलं. सणाला जाडजूड खास अंक काढायचा हे त्यांनी सुरू केलं आणि मराठी माणसाने ते इतकं मनावर घेतलं की शंभर वर्षांनंतरही सुटलेलं नाही. विनोदी दिवाळी अंक हा या झाडाला नंतर फुटलेला फाटा.

स्वातंत्र्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं या फाट्याचा बहर. अनंत अंतरकरांनी १९४६ मध्ये ‘हंस’ सुरू केलं, पाठोपाठ ‘मोहिनी’ आणि ‘नवल’. अंतरकरांनी एक धाडस केलं. तेव्हा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर पणती घेतलेली सुंदर स्त्री असायची, हा जवळजवळ कायदाच. अंतरकरांनी तिथे व्यंगचित्र छापलं. चित्रकार शि. द. फडणीस, जन्म १९२५ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचा. १९५२ च्या ‘मोहिनी’च्या दिवाळी अंकावरचं त्यांचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. एक तरुण आणि एक तरुणी शेजारी शेजारी. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची. खाली एकही शब्द नाही.

त्या चित्राकडे मी अनेकदा बघत बसतो. त्या काळातल्या बाकीच्या अंकांत काय चाललं होतं, ते माझ्या ताईने एका वाक्यात सांगितलंय. दोन दिवाळ्यांपूर्वी ती माझ्याकडे आली होती. १९६०-७० च्या दशकांतले आठ-दहा अंक एका बसणीत चाळले आणि म्हणाली, ‘अरे, या सगळ्या विनोदांत बाई एकतर लाटणं घेऊन उभी आहे, नाहीतर पदर सावरतेय.’ खरंय. नवरा घाबरट, बायको जाडी, सासू कजाग, टायपिस्ट मुलगी साहेबाच्या मांडीवर. पानामागून पान. काळा रंग हा विनोद, तोतरेपणा हा विनोद, परप्रांतीयाचे उच्चार हा विनोद. आणि त्याच गठ्ठ्यात फडणीसांचं हे चित्र, जिथे मांजर ती आहे आणि उंदीर तो, आणि दोघेही इतके निरागस उभे आहेत की अजून कुणालाच काही कळलेलं नाही. भोवतालच्या शंभर लाटण्यांशिवाय या चित्राची किंमत कळत नाही. निवडक चित्रांच्या पुस्तकात हे चित्र येतं, लाटणी येत नाहीत.

फडणीसांइतकेच मला जवळचे वाटतात वसंत सरवटे. याला कारण थोडं व्यावसायिक आहे. ते स्थापत्य अभियंता होते, सिमेंट कंपनीत नोकरी केली आणि नोकरी सांभाळून आयुष्यभर चित्रं काढली. पु. लं.च्या पुस्तकांतली ती बारीक रेषेची, माणसाच्या खांद्याच्या उतारावरून त्याचा स्वभाव सांगणारी चित्रं त्यांचीच. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावाने साहित्यिकांची फिरकी घ्यायचे. त्या ठणठणपाळाला हातोडा दिला सरवट्यांनी. शिवाय व्यंगचित्र म्हणजे काय, ते कसं वाचायचं, यावर त्यांनी मराठीत गंभीरपणे पुस्तकं लिहिली. आमच्या ऑफिसात दुपारच्या जेवणानंतर गाणारे, ट्रेक करणारे पुष्कळ आहेत. पण नोकरी न सोडता, कुरकुर न करता एका कलेचं व्याकरण लिहून ठेवणं, हे जरा वेगळ्या जातीचं काम आहे.

आता दोन गोष्टी सांगतो, ज्यांच्यामुळे ‘अख्खा अंक ठेवा’ हा माझा हट्ट पक्का झाला.

पहिली, ‘रंभा’ची. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कादंबरी आली. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला, दंड विधानाचं कलम २९२. खालच्या कोर्टाने सोडलं. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, दंड केला २५ रुपये. पंचवीस! पण सोबत आणखी एक आदेश होता: आरोपींच्या ताब्यात त्या अंकाच्या ज्या प्रती असतील त्या नष्ट करा. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९६९ मध्ये सुटले. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलतायत, अशा आशयाचं न्यायालयाने लिहिलं. पंचवीस रुपयांचं मला काही वाटत नाही, पण ‘प्रती नष्ट करा’ हे वाक्य वाचून संग्राहकाच्या पोटात गोळा येतो. एक दिवाळी अंक. त्यात बाकीच्यांच्या कथा, कविता, चित्रं, जाहिराती, सगळ्यांनी एकाबरोबर जायचं.

आणि याच काळात ‘आवाज’ची खिडकी मजेत चालू होती, हे लक्षात घ्या. माझा अंदाज असा की खिडकीचं हेच तर कसब होतं. कोर्टात नेलीच असती तर दाखवणार काय? पान उलटलं की टकले आजोबा! आरोपी वाचक.

दुसरी गोष्ट ‘मार्मिक’ची. महाराष्ट्र राज्य झालं १ मे १९६० ला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १३ ऑगस्टला, बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत यांनी ‘मार्मिक’ हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं. प्रकाशन यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. बाळासाहेब त्याआधी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रकार होते. ब्रशवर त्यांची जबरदस्त हुकमत. राजकारण पटो न पटो, रेषा नाकारता येत नाही. पण ‘मार्मिक’मध्ये चित्रांखेरीज आणखी एक सदर आलं, ‘वाचा आणि थंड बसा’. त्यात विनोद नव्हता. मुंबईतल्या कंपन्यांमधल्या, कचेऱ्यांमधल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या होत्या, त्यातली बहुतेक दाक्षिणात्य. वाचकाने नावं वाचायची आणि मोजायचं, मराठी किती. नंतर सदराचं नाव बदलून ‘वाचा आणि उठा’ झालं. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली.

आज या व्यंगचित्रांची देखणी पुस्तकं मिळतात, चकचकीत कागदावर. त्यात ती यादी नसते. असण्याचं कारणही नाही, ते चित्रांचं पुस्तक आहे. पण १९६० च्या दशकातल्या माणसाने तो अंक हातात धरला तेव्हा एका पानावर हसून दुसऱ्या पानावर यादी वाचली. हसणं आणि मोजणं एकाच बैठकीत. एका मोठ्या राजकीय घटनेची सुरुवात विनोदी साप्ताहिकाच्या पोटात कशी झाली, हे समजून घ्यायचं तर दोन्ही पानं एका पिनेत अडकलेली हवीत. पिना गंजल्यात, ती गोष्ट वेगळी.

गंजावरून आठवलं. तुम्हाला वाटेल जपणं म्हणजे नुसतं न फेकणं. तसं नाही. बहुतेक विनोदी अंक स्वस्त कागदावर निघायचे. लाकडाच्या लगद्याचा कागद, त्यात लिग्निन राहतं. ऊन आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, मग तपकिरी, मग घडीवर कडकन तुटतो, पापडासारखा. पावसाळ्यात दमट हवा, कसर, वाळवी. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवले तर उन्हाळ्यात भाजतात. म्हणून माझ्याकडे वातानुकूलन यंत्र बेडरूममध्ये आहे, आणि ते माझ्यासाठी आहे असा पाहुण्यांचा समज आहे.

मग ग्रंथालयं काय करतात? हा प्रश्न रास्त आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांना, त्यात मुंबईचंही एक आहे, पाठवायची असते. नंतर नियतकालिकंही त्यात आली. आणि गावोगावच्या वाचनालयांनी तर दिवाळी अंकांवर उपकारच केलेत. ठरावीक रक्कम भरा आणि पुढचे काही महिने पाहिजे तेवढे अंक न्या. पण वाचनालयाचा अंक हा वाचण्यासाठी असतो. शंभर हातांतून जातो, मुखपृष्ठावर शिक्का बसतो, आणि वर्षअखेर तो बाद होतो. टिकवायचा ठरवलाच तर सहा-सहा अंक एकत्र पुठ्ठा बांधणीत घालतात. तेव्हा कडा यंत्राने कापून सरळ करतात. घट्ट बांधणीत पान मध्यभागी दबतं, आणि खिडकी सरकते. आठवतंय ना, चार-पाच मिलिमीटर? माझ्याकडे एका वाचनालयातून बाद झालेला असा गठ्ठा आहे. त्यातल्या एका खिडकीतून आता फक्त पुढच्या पानाचा क्रमांक दिसतो.

घरांतली कथा याहून मजेशीर. दिवाळी अंक घराबाहेर जातो कधी? दसऱ्याआधीच्या साफसफाईत. म्हणजे दिवाळी आली की दिवाळी अंक रद्दीत. त्या पंधरवड्यात मी सुट्टी टाकतो आणि पुण्यातल्या रद्दीच्या दुकानांची फेरी मारतो. बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. मुंबईला गेलो की फ्लोरा फाउंटनचे आणि माटुंग्याचे फुटपाथ. दुकानदार ओळखतात. एकाने तर माझं नाव ‘जत्रा’ ठेवलंय, कारण मी पहिल्यांदा ‘जत्रा’चे अंक मागितले होते. पोऱ्याला सांगतो, ‘जत्रा आलाय, तागडी काढ.’

तागडीचा हा प्रकार लक्षात ठेवा, कारण कॉमिक्सच्या बाबतीत तसं होत नाही. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मार्च १९६४ मध्ये सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेतर्फे. ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ झाला. मूळ कथेतलं बंगाल हे नाव भारतात चालेना, म्हणून त्या जंगलाचं डेंकाली केलं. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आपल्या मातीतला नायक. १९९० मध्ये मालिका बंद. माझ्या बाबांच्या पिढीने हे अंक भाड्याने आणून वाचले, एका अंकावर चार भावंडं पालथी पडून. आज जुन्या वेताळाला ऑनलाइन हजारांत भाव मिळतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकतात. आणि त्याच काळातला विनोदी दिवाळी अंक किलोवर.

असं का? मी यावर बराच विचार केलाय. कॉमिकला क्रमांक आहे. क्रमांक असला की संच असतो, संच असला की त्यात भोक असतं, आणि ते भोक बुजवायला माणूस पैसे मोजतो. वेताळ तोच राहतो, तुम्ही मोठे होता, म्हणून त्यात तुमचं बालपण अडकतं. विनोदी अंकाला नायक नाही. वि. आ. बुवांची एक कथा, रमेश मंत्रींचा एक लेख, कुणाच्या तरी चार वात्रटिका, आणि ज्याच्यावर हसायचं तो मंत्री कधीच विस्मरणात गेलेला. विनोद संदर्भाने जगतो आणि संदर्भ सगळ्यात आधी मरतो. रेशनच्या रांगेवरचा, टेलिफोनच्या प्रतीक्षायादीवरचा चुटका समजायला आता मला खाली तळटीप लिहावी लागते. पण त्यामुळेच तो अंक मला वेताळापेक्षा मोलाचा वाटतो. टेलिफोनसाठी लोक किती वर्षं थांबत होते हे सरकारी अहवालात मिळेल. थांबताना ते कसे हसत होते, हे इथेच.

मला नेहमी विचारतात, एवढं स्कॅन केलंयस तर नेटवर टाक ना. टाकता येत नाही. आपल्या कायद्यात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. शंवाकि गेले १९७५ च्या सुरुवातीला. म्हणजे त्यांची चित्रं २०३५ संपेपर्यंत बांधलेली. सरवटे गेले २०१६ मध्ये, म्हणजे २०७६ संपेपर्यंत. तेव्हा मी ऐंशीच्या घरात असेन. आणि एका दिवाळी अंकात चाळीस-पन्नास जणांचं काम असतं, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. त्यातल्या निम्म्यांचे वारस कोण, कुठे, हे शोधायला स्वतंत्र माणूस लागेल. हक्क असावा, याबद्दल माझी तक्रार नाही. या मंडळींना हयातीत फार पैसे मिळाले असतील असं वाटत नाही. पण कागद ६० वर्षं थांबत नाही. कायद्याचं घड्याळ आणि कागदाचं घड्याळ यांच्यात कागद हरतोय. म्हणून मी सध्या इतकंच करतो: स्कॅन करतो, दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, आणि प्रत्येक अंकाची अनुक्रमणिका टाइप करून एका यादीत भरतो. कुठल्या वर्षी, कोणत्या अंकात, कुणाचं काय, खिडक्या किती, जाहिराती कशाच्या. नुसती माहिती देण्यावर हक्काची आडकाठी नाही. कुणी अभ्यासाला आलं तर घरी बोलावून मूळ अंक दाखवतो, चहा देतो. अट एकच, चहा आणि अंक एका टेबलावर नाही.

आता तुमच्याकडे एक काम. दसऱ्याची साफसफाई जवळ आलीय. घरी, आजोळी, काकांच्या माळ्यावर अंकांचा गठ्ठा निघाला तर तागडीवर जाण्याआधी एकदा उघडून बघा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांनी कागद खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. गंजलेली पिन ओढू नका, पाकळ्या हळूच सरळ करून काढा. आवडलेलं चित्र कापून फ्रेम करू नका, कृपया. आणि मधल्या पानाला चौकोनी भोक दिसलं तर कुणा उंदराने कुरतडलंय असं समजून अंक टाकून देऊ नका. आधी पान उलटून बघा.

माझ्याकडे ‘आवाज’चे पहिल्या दशकातले फक्त तीन अंक आहेत. १९५१ चा पहिला अंक अजून मिळालेला नाही. कुणाच्या ट्रंकेत असेल तर विकत देऊ नका हवं तर, पण अर्धा दिवस घरी येऊ द्या. स्कॅनर मी घेऊन येतो, अंगठाही माझाच.

पुढच्या भागात बोलू.